वाचक विचारतात : डिझेल व्हॅनचे ॲव्हरेज, पत्रकातले आणि घाटातले

गेल्या अंकात वाहनांविषयीचे प्रश्न मागवले, तेव्हा सर्वांत जास्त पत्रे डिझेल व्हॅनच्या ॲव्हरेजबद्दल आली. पत्रे लिहिणारे बहुतेक जण गाडीवर पोट असणारे आहेत. त्यांच्यासाठी लिटरमागे दोन किलोमीटर कमी मिळणे म्हणजे महिन्याचा हप्ता चुकण्याची वेळ, म्हणून हे सदर या वेळी त्याच एका विषयाला दिले आहे.

प्रश्न : स. न. वि. वि. मी गेल्या वर्षी कर्ज काढून दहा आसनी डिझेल व्हॅन घेतली. गाडी मी स्वतःच चालवतो आणि चिपळूण ते कराड अशी भाडी प्रामुख्याने करतो. शोरूमच्या पत्रकावर लिटरला १४ किलोमीटरपेक्षा थोडे अधिक असा आकडा होता. मी चिपळूणला टाकी फुल करतो, कराडला पोचल्यावर पुन्हा फुल करतो आणि हिशेब जेमतेम १० चा येतो. शोरूमवाले म्हणतात, इंजिन अजून सेट व्हायचे आहे. गॅरेजवाला म्हणतो, इंजेक्टर काढून बघू. माझी फसवणूक झाली, की गाडीतच दोष आहे? (एक वाचक, चिपळूण)

उत्तर : आपल्या पत्रातील माहितीवरून गाडीत दोष असावा असे मला वाटत नाही, आणि पत्रकातला आकडाही खोटा नसावा. तरीही आपली नाराजी रास्त आहे, कारण तो आकडा कोणत्या परिस्थितीतला आहे हे गाडी विकताना आपल्याला कोणी समजावून सांगितले नाही.

पत्रकात छापलेले, ज्याला आपण सगळे ‘एआरएआयचे ॲव्हरेज’ म्हणतो, ते पुण्यातील वेताळ टेकडीवरच्या ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया या १९६६ साली स्थापन झालेल्या संस्थेच्या नावाने रूढ झाले आहे. प्रत्यक्षात प्रमाणपत्र देणाऱ्या संस्था आणखीही आहेत, आणि त्यांपैकी एक आपल्या अहिल्यानगरची व्हीआरडीई ही संरक्षण खात्याची वाहन संशोधन संस्था आहे. साडेतीन टनांच्या आतल्या गाडीची चाचणी रस्त्यावर होत नाही. बंद खोलीत जमिनीत बसवलेल्या रोलरवर गाडीची चाके ठेवलेली असतात, गाडी जागच्या जागी धावते, समोरून मोठा पंखा वारा सोडतो आणि चालकापुढच्या पडद्यावर एक रेघ सरकत असते. त्या रेघेत जो वेग दाखवला असेल तोच वेग त्याने राखायचा, ताशी दोन किलोमीटरपेक्षा जास्त फरक पडू द्यायचा नाही. हा सगळा प्रकार वीस मिनिटांहूनही कमी, म्हणजे १,१८० सेकंद चालतो, त्यात गाडी अकरा किलोमीटरही पुरी धावत नाही, सरासरी वेग ताशी ३२ किलोमीटरच्या आसपास आणि कमाल वेग ९० असतो. डिझेल किती जळले हे टाकीतून मोजत नाहीत. सायलेन्सरमधून निघालेला धूर गोळा करून त्यातील कार्बनवरून तो हिशेब काढतात, कारण एक लिटर डिझेल जळले की साधारण २.६४ किलो कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो, हे गणित पक्के आहे.

या पद्धतीत लबाडी नाही, पण त्या खोलीत काय नसते ते पाहा. खोलीतले तापमान २० ते ३० अंशांच्या दरम्यान ठेवलेले असते आणि एसी बंद असतो. गाडीत दहा माणसे, त्यांच्या बॅगा आणि टपावरचे कॅरिअर नसते. चढ नसतो, खड्डा नसतो आणि पाटणच्या बाजारात आडवी आलेली बैलगाडीही नसते. आपला मार्ग तर या सगळ्यांनीच भरलेला आहे.

कुंभार्ली घाटाचा हिशेब मांडून पाहू. चिपळूण जवळजवळ समुद्रसपाटीला आहे आणि घाटमाथा साधारण ६०० मीटर उंच आहे. दहा माणसे आणि सामान मिळून गाडीचे वजन तीन टन धरले, तर एवढे वजन तेवढ्या उंचीवर नेण्यासाठी सुमारे १७.६ मेगाज्यूल काम करावे लागते. एक लिटर डिझेलमध्ये साधारण ३६ मेगाज्यूल ऊर्जा असते, पण इंजिन त्यातील फार तर एक तृतीयांशाहून थोडी अधिकच चाकापर्यंत पोचवते आणि बाकीची उष्णता होऊन रेडिएटरमधून व धुरातून निघून जाते. म्हणजे केवळ चढण्यासाठी आपली गाडी जवळजवळ दीड लिटर डिझेल जादा पिते. कराडपर्यंतचे शंभरएक किलोमीटर अंतर सपाट असते आणि गाडीने लिटरला १२ दिले असते, तर सव्वाआठ लिटर लागले असते. त्यात हे दीड लिटर मिळवा, म्हणजे उत्तर १० च्या आसपासच येते. आपण चिपळूणला भरता आणि कराडला मोजता, त्यामुळे आपल्या वहीत नेमका चढाचाच खर्च येतो आहे आणि उताराचा फायदा कुठेच येत नाही. यापुढे चिपळूणहून निघून पुन्हा चिपळूणलाच, त्याच पंपावर टाकी भरा आणि जाण्यायेण्याचा मिळून हिशेब करा. माझ्या अंदाजाने आकडा ११ च्या वर सरकेल.

येथे एक गोष्ट कळकळीने सांगतो. उताराचा फायदा मिळावा म्हणून कित्येक चालक घाटात गाडी न्यूट्रल करतात. हे जिवावर बेतणारे आहे, कारण इंजिनाचा अटकाव गेला की सगळा भार ब्रेकवर येतो आणि तापलेले ब्रेक दगा देतात. शिवाय त्यात डिझेलही वाचत नाही. आजच्या कॉमन रेल इंजिनात गाडी गिअरमध्ये ठेवून ॲक्सिलरेटर सोडला की इंजेक्टर डिझेल देणे बंद करतात. न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन चालू ठेवण्यापुरते डिझेल जळतच राहते. ज्या गिअरवर चढता त्याच गिअरवर उतरावे, ही जुन्या चालकांची शिकवण आजच्या इंजिनांनाही तंतोतंत लागू आहे.

राहिला एसी आणि वेग. पुढे आणि मागे असे दोन ब्लोअर असलेल्या व्हॅनचा एसी किलोमीटरवर नव्हे, तर तासावर खातो. तासाला अर्धा ते एक लिटर धरून चाला. मोकळ्या रस्त्यावर तासात साठ किलोमीटर जाणाऱ्या गाडीला तो फारसा जाणवत नाही, पण पर्यटक चहाला उतरले असताना तासभर एसी लावून उभ्या राहिलेल्या गाडीत तेवढे डिझेल एकही किलोमीटर न जाता संपते. वेगाचे म्हणाल, तर व्हॅनचे तोंड मोटारीपेक्षा खूप रुंद आणि उंच असते, म्हणून हवेचा विरोध तिला अधिक छळतो. तो वेगाच्या वर्गाने वाढतो. ताशी ६० वरून ८० वर गेलात की विरोध पावणेदोन पटींपेक्षाही जास्त होतो. टपावरचे कॅरिअर रिकामे असले तरी वारा अडवतेच, म्हणून ज्या हंगामात सामान नसते त्या हंगामात ते काढून ठेवा.

इंजिन सेट होण्याचे म्हणणे काही अंशी खरे आहे. पहिल्या काही हजार किलोमीटरनंतर थोडी सुधारणा होते, पण १० चे १४ त्याने होत नाहीत. गॅरेजवाल्याला मात्र इंजेक्टर काढू देऊ नका. दोषाची शंका पत्रकातल्या आकड्याशी तुलना करून घ्यायची नसते, ती गाडीच्या स्वतःच्या जुन्या आकड्याशी तुलना करून घ्यायची असते. तोच मार्ग, तेवढीच माणसे आणि तरीही ॲव्हरेज दहा टक्क्यांनी घसरले, तर शोध सुरू करावा. त्यातही आधी टायरमधील हवा, मग एअर फिल्टर आणि मग ब्रेक पाहावेत. सपाट रस्त्यावर फारसे ब्रेक न मारता पाचसात किलोमीटर जाऊन थांबा आणि चारही चाकांच्या मधोमध, स्पर्श न करता, तळहात जवळ नेऊन पाहा. एकाच चाकाची धग जाणवली, तर तिथला ब्रेक जाम आहे आणि आपले डिझेल तिथे जळते आहे.

प्रश्न : माझ्या व्हॅनच्या डॅशबोर्डवर १२.६ दिसते, माझ्या वहीत कधी ११.२ तर कधी १०.५ येते. कोणते खरे मानावे आणि ॲव्हरेज काढण्याची अचूक रीत कोणती? (एक वाचक, सोलापूर)

उत्तर : वही खरी माना, मात्र ती एका भरण्यावर लिहू नका. डॅशबोर्डवरचा आकडा इंजेक्टर किती वेळ उघडा राहिला यावरून काढलेला अंदाज असतो. आजचा प्रवास कालच्यापेक्षा बरा झाला की नाही, एवढे कळण्यासाठी तो उपयोगी आहे, पण भाड्याचा दर त्यावरून ठरवू नये.

टाकी पहिल्यांदा फुल केली की ट्रिप मीटर शून्यावर आणा. नोझल पहिल्यांदा आपोआप बंद होईल तिथेच थांबा, त्यानंतर ‘अजून थोडे बसेल’ म्हणून गाडी हलवून भरू नका. पुढची भरणी शक्यतो त्याच पंपावर, गाडी तशीच उभी करून घ्या. किमान चार भरण्या झाल्यावर एकूण किलोमीटरला एकूण लिटरने भागा. आपण पाठवलेल्या वहीच्या पानावर ४६२ किलोमीटरला ४१.२० लिटर, ४०५ ला ३८.६५, ४८९ ला ४४.१० आणि ३९६ ला ३६.८५ अशा चार नोंदी आहेत. एकूण १,७५२ किलोमीटर आणि १६०.८० लिटर, म्हणजे आपली गाडी लिटरला १०.९ देते. ११.२ आणि १०.५ हे दोन्ही आकडे याच चार नोंदींतले आहेत. टाकी दर वेळी तंतोतंत सारखी भरत नाही, एवढाच त्यांच्यातील फरकाचा अर्थ असू शकतो. वीस लिटरच्या हिशेबात दीड लिटर इकडचे तिकडे झाले तर चूक साडेसात टक्के होते, दोनशे लिटरच्या हिशेबात तीच चूक एक टक्काही राहत नाही.

दोन बारकावे आणखी सांगण्यासारखे आहेत. टायर झिजला की चाकाचा घेर लहान होतो आणि मीटर प्रत्यक्षापेक्षा जास्त किलोमीटर दाखवू लागतो. नवा टायर आणि पूर्ण झिजलेला टायर यांच्या जाडीत सहाएक मिलिमीटरचा फरक पडतो, त्यातून सुमारे दोन टक्क्यांचे खोटे ॲव्हरेज निर्माण होते. म्हणून वर्षातून एकदा महामार्गावरील किलोमीटरच्या दगडांवरून पन्नास किलोमीटर मोजून पाहावेत.

दुसरे असे की ‘लिटरला किती’ हे माप पैशाच्या हिशेबात चकवते. ८ देणारी गाडी १० देऊ लागली, तर शंभर किलोमीटरमागे अडीच लिटर वाचतात. १४ देणारी १६ देऊ लागली, तर एक लिटरही पुरते वाचत नाही. दोन्ही ठिकाणी वाढ दोनचीच आहे. भाड्याचा दर ठरवताना ‘शंभर किलोमीटरला किती लिटर’ असे लिहा. आपल्या गाडीला ते ९.२ लिटर पडतात.

प्रश्न : पुण्यात पार्सल पोचवण्यासाठी बीएस-६ डिझेल व्हॅन वापरतो. दिवसभर पाचसात मिनिटांच्या फेऱ्या असतात. अधूनमधून ॲव्हरेज एकदम घसरते, सायलेन्सरकडून उग्र वास येतो आणि कधी डॅशबोर्डवर दिवा लागतो. (एक वाचक, पुणे)

उत्तर : १ एप्रिल २०२० पासून लागू झालेल्या बीएस-६ या धुराच्या प्रदूषणाविषयीच्या नियमांमुळे डिझेल गाड्यांत काजळी पकडणारा फिल्टर आला, ज्याला मेकॅनिक डीपीएफ म्हणतात. तो भरला की इंजिन जादा डिझेल देऊन त्याचे तापमान वाढवते आणि काजळी जाळून टाकते. आपल्याला येणारा वास आणि घसरलेले ॲव्हरेज त्या वेळचे आहे. या सफाईला सलग वीसएक मिनिटे गाडी धावावी लागते. आपल्या फेऱ्या पाचसात मिनिटांच्या असल्याने सफाई अर्धवट राहते, दुसऱ्या दिवशी पुन्हा सुरू होते आणि डिझेल दोनदा जळते. त्यातील काही न जळलेले डिझेल इंजिन ऑइलमध्येही उतरते, म्हणून ऑइलची पातळी वाढलेली दिसली तर खूश न होता ऑइल बदलून घ्या. आठवड्यातून एकदोनदा, दिवा लागण्याची वाट न पाहता, गाडी बाह्यवळण रस्त्यावर अर्धा तास एकसारख्या वेगाने चालवा. फिल्टर कापून काढून देणारे लोक भेटतील, त्यांच्या नादी लागू नका. ते बेकायदेशीर आहे आणि ती काजळी आपल्याच शहरातील मुलांच्या छातीत जाते.

प्रश्न : सकाळी थंड वेळी डिझेल भरले तर जास्त मिळते का? आणि पंपावर माप कमी मिळते असा संशय असेल तर काय करावे? (एक वाचक, नाशिक)

उत्तर : डिझेल एका अंशाने तापले तर हजार भागांत एका भागाहूनही कमी फुगते, आणि पंपाची टाकी जमिनीखाली असल्याने सकाळ-दुपारचा फरक तिथे पोचतच नाही. पहाटे उठण्याचे कष्ट घेऊ नका. मापाचा संशय असेल, तर प्रत्येक पंपावर वैधमापन विभागाने शिक्का मारलेले पाच लिटरचे माप ठेवलेले असते आणि ते भरून दाखवा असे सांगण्याचा ग्राहकाला हक्क आहे. त्यात २५ मिलिलिटरपर्यंतची तफावत चालते. वाद न घालता, शांतपणे, आपला नंबर आल्यावर मागा.

प्रश्न : माझा पुतण्या इंग्लंडमध्ये डिझेल व्हॅनमधून माल पोचवतो. त्याची गाडी ‘गॅलनला ३८ मैल’ देते. म्हणजे आपल्या हिशेबाने किती? तिकडे तरी कंपन्यांचे आकडे खरे ठरतात का? (एक वाचक, सांगली)

उत्तर : इंग्लंडचा गॅलन ४.५४६ लिटरचा असतो, अमेरिकेचा ३.७८५ लिटरचा. तेव्हा इंग्लंडातले ३८ मैल म्हणजे लिटरला सुमारे साडेतेरा किलोमीटर होतात.

आकड्यांची तफावत तिकडेही आहे आणि तिची कहाणी बोधप्रद आहे. युरोपात पूर्वी जी चाचणी होती, तिचेच थोडे बदललेले रूप आपण घेतले. इंटरनॅशनल कौन्सिल ऑन क्लीन ट्रान्सपोर्टेशन या संस्थेने तेथील हजारो मोटारींचे प्रत्यक्ष आकडे गोळा केले, तेव्हा चाचणीतला आणि रस्त्यावरचा खप यांतील अंतर २००१ च्या सुमारास दहा टक्क्यांच्या आत होते, ते २०१५ पर्यंत चाळीस टक्क्यांच्या घरात गेल्याचे दिसले. रस्ते तेच होते आणि माणसेही तीच होती, पण चाचणीत गाडी कशी उतरवायची यात कंपन्या दरवर्षी तरबेज होत गेल्या. मग २०१७ पासून टप्प्याटप्प्याने डब्ल्यूएलटीपी नावाची नवी चाचणी आली. ती अर्धा तास चालते, २३ किलोमीटरची आहे आणि तिच्यात वेग ताशी १३१ पर्यंत जातो. शिवाय २०२१ पासूनच्या नव्या मोटारींत खरा इंधनखप नोंदवणारी व्यवस्था गाडीतच बसवली गेली. त्या नोंदींवरून युरोपियन कमिशनने २०२४ साली जाहीर केले की डिझेल मोटारींचा प्रत्यक्ष खप चाचणीपेक्षा सुमारे १८ टक्क्यांनी जास्त आहे. अंतर संपले नाही, पण ते उघड झाले.

माझे मत स्पष्ट आहे. व्हॅनसाठी रिकाम्या गाडीचा एकच आकडा छापणे अपुरे आहे. पूर्ण भरलेल्या आणि एसी लावलेल्या गाडीचा आकडाही त्याच पत्रकावर, तेवढ्याच मोठ्या अक्षरांत असला पाहिजे, कारण व्हॅन कोणी रिकामी फिरवण्यासाठी घेत नाही.

प्रश्न : पत्रकातल्यापेक्षा खूपच कमी ॲव्हरेज मिळत असेल तर ग्राहक आयोगाकडे जाता येते का? गाडी धंद्यासाठी घेतली असेल तर तक्रार चालत नाही, असे मला सांगण्यात आले. (एक वाचक, लातूर)

उत्तर : आपल्याला अर्धेच सांगितले गेले. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ मध्ये व्यापारी हेतूने घेतलेल्या वस्तू वगळल्या आहेत हे खरे, परंतु जो माणूस केवळ स्वयंरोजगारातून स्वतःची उपजीविका चालवण्यासाठी वस्तू घेऊन वापरतो, तो ग्राहकच आहे, असे स्पष्टीकरण त्याच कायद्यात आहे. एकच व्हॅन स्वतः चालवणारा माणूस या व्याख्येत बसू शकतो. वीस गाड्या आणि पगारी चालक असलेल्या मालकाला मात्र ते कठीण जाईल. तक्रार जिल्हा ग्राहक आयोगाकडे, तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत करावी लागते.

यश कशावर अवलंबून असते, हे केरळमधील त्रिशूरच्या प्रकरणावरून दिसते. तेथे एका डिझेल मोटारीच्या जाहिरातीत लिटरला ३२ किलोमीटरचा दावा होता. तज्ज्ञाने प्रत्यक्ष गाडी चालवून मोजले तेव्हा आकडा २० च्याही खाली आला आणि २०२२ साली आयोगाने तक्रारदाराला सुमारे तीन लाख रुपये देण्याचा आदेश दिला. तेथे तफावत चाळीस टक्क्यांच्या आसपास होती आणि ती त्रयस्थ माणसाने मोजलेली होती. चिपळूणच्या वाचकांसारखी, घाटाने आणि वजनाने पूर्णपणे उलगडणारी तफावत घेऊन गेलात, तर हाती काही लागणार नाही.

म्हणून आधी पुरावा जमवा. पत्रक आणि कोटेशन जपून ठेवा, आणि विक्रेत्याने मोबाइलवर ॲव्हरेजचा शब्द दिला असेल तर तो संदेश पुसू नका. पत्रकाच्या तळाशी चाचणीच्या परिस्थितीबद्दल बारीक अक्षरांत अट आहे का, तेही भिंगाने वाचा, कारण समोरचा वकील तीच ओळ पुढे करील. पंपाच्या पावत्यांची शाई दोन महिन्यांत उडते, तेव्हा त्यांची छायाप्रत काढून वहीच्या त्या त्या पानाला लावा. प्रत्येक सर्व्हिसिंगचे जॉब कार्ड मागून घ्या आणि ॲव्हरेज कमी असल्याची तक्रार त्यावर आपल्यासमोर लिहायला लावा. तोंडी सांगून परत येऊ नका.